बीबीसी मायक्रोवर बाबांचा फोटो दाखवायचाय, रॉ फाईल उघडते पण चेहऱ्यावर नुसते चट्टे

वडगावचा_पोरगा

नमस्कार मंडळी, बेळगावात वडगावला राहतो. बाबा हायस्कूलला विज्ञान शिकवायचे, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. शाळेच्या जुन्या लॅबचं सामान भंगारात निघालं तेव्हा त्यांनी त्यातला एक बीबीसी मायक्रो मॉडेल बी (ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश कॉम्प्युटर) घरी आणला होता, पोरांना ज्याच्यावर शिकवलं ते मशीन किलोवर विकायला त्यांचं मन झालं नाही. तेव्हापासून ते माळ्यावर गोणपाटात गुंडाळून पडलेलं. पुढच्या महिन्यात बाबांना ७५ पूर्ण होतात आणि त्या दिवशी त्यांचा एक जुना फोटो मला त्याच मशीनच्या स्क्रीनवर दाखवायचाय. फोटो गोकाकचा, शाळेच्या सहलीतला, बाबा झुलत्या पुलावर उभे आणि मागे धबधबा, ब्लॅक अँड व्हाईट प्रिंट.

मशीन चालू झालंय. फ्लॉपीच्या जागी गोटेक (पेनड्राइव्हला फ्लॉपीसारखं वागवणारा डबा) बसवलाय आणि खडे बाजारात एका भंगारवाल्याकडे दुकानातला जुना सीसीटीव्हीचा ब्लॅक अँड व्हाईट मॉनिटर मिळाला, त्याला मागे बीएनसी सॉकेट (व्हिडिओच्या वायरीचं गोल सॉकेट) आहे आणि बीबीसीच्या मागेही बीएनसीच, एका वायरीत काम झालं.

आता अडचण सांगतो. लॅपटॉपवर फोटो ग्रेस्केल करून रॉ म्हणून सेव्ह केला, म्हणजे हेडर नाही काही नाही, एका ठिपक्याला एक बाईट, ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. आधी सगळी फाईल एकदम मेमरीत घ्यायला गेलो तर मशीन लटकलं, मग लक्षात आलं रॅमच ३२ के आहे आणि फाईल त्याहून मोठी. म्हणून आता मशीनच्या बेसिक भाषेत बीगेट या आज्ञेने फाईलमधला एकेक बाईट वाचतो, ३२ ने भागतो, ० ते ७ मधला जो आकडा येईल तो रंग घेतो आणि मोड २ मध्ये (मशीनचा जास्त रंगांचा पण जाड ठिपक्यांचा स्क्रीनप्रकार) ठिपका टाकतो. पाच-सहा मिनिटांत चित्र भरतं. पण चित्र खाली जाईल तसं उजवीकडे सरकत जातं, पूल अगदी कोसळल्यासारखा दिसतो. बाबा रुंद दिसतात, खांदे दुप्पट. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चेहऱ्यावर चट्टे. पांढरा शर्ट पांढराच येतो, पण कपाळ काळं पडतं आणि गालाची जी बाजू सावलीत आहे ती उजळ दिसते. तीन रात्री हेच करूलालोय. मॉनिटर खराब आहे की प्रोग्राम चुकलाय ते पण कळेना. कुणाला माहिती असेल तर सांगा, बाबांना अजून काही बोललो नाही.

खानापूरकर

भावा आधी फाईलची साईज सांग, नेमके बाईट किती ते. रॉ फाईलला रुंदी-उंची माहितीच नसते, ती आपण सांगायची असते आणि आपण चुकीची सांगितली की चित्र तिरकं होणारच.

वडगावचा_पोरगा

४१२१६.

खानापूरकर

मग सापडलं की. मोड २ ची स्क्रीन १६० बाय २५६, म्हणजे ४०९६० बाईट पाहिजेत. तुझे ४१२१६, त्याला २५६ ने भाग, १६१ येतात. तू लॅपटॉपवर फोटो लहान करताना प्रमाण राखायची खूण तशीच ठेवली असणार आणि रुंदी १६१ झाली. प्रोग्राम एका ओळीला १६० च घेतो, तो उरलेला एक ठिपका पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जातो, पुढच्या ओळीत दोन जातात, असं करत करत शेवटच्या ओळीपर्यंत अडीचशे ठिपके सरकतात. म्हणून पूल कोसळतोय. मी पण रॉ फाईलची रुंदी अशीच शोधतो, एकूण बाईट घ्यायचे आणि कशाने पूर्ण भाग जातो बघायचं.

आणि रुंद दिसण्याचं कारण वेगळं आहे, मोड २ चा ठिपका चौकोनी नसतोच, आडवा असतो, उंचीच्या साधारण दुप्पट रुंद. तुझा उभा फोटो आहे तसा आख्खा दाखवायचा तर तो ८० बाय २५६ कर आणि डाव्या-उजव्या बाजूला ४०-४० काळे ठिपके भर. पण माझं ऐकशील तर तसं करू नको. ८० ठिपक्यांत पूल, धबधबा आणि माणूस तिन्ही बसवलेस तर चेहऱ्याला दहा ठिपके पण येणार नाहीत. कमरेपासून वरचा भाग आडवा काप, आधी ३२० बाय २५६ कर, मग प्रमाणाची खूण काढून रुंदी १६० कर. लॅपटॉपवर बाबा बारीक आणि लांबोडके दिसतील, घाबरू नको, मॉनिटरवर नीट होतात.

चट्ट्यांचं मला सांगता येत नाही. माझ्याकडे कलर टीव्ही आहे, मी मोड २ मध्ये रंगीतच केलंय सगळं.

टीव्हीवाले_काका_शहापूर

पोरा तुझा मॉनिटर चांगला आहे, त्याला हात लावू नको. मी चाळीस वर्षं टीव्ही रिपेअर केले, शहापुरात दुकान होतं, आता मुलगा बघतो. ही गोष्ट आम्हाला तेव्हापासून ठाऊक आहे कारण त्यावेळी लोकांच्या घरी ब्लॅक अँड व्हाईट सेटच होते आणि त्यावर रंगीत प्रोग्राम बघायचे.

रंगीत सिग्नल ब्लॅक अँड व्हाईट सेटवर आला की रंग जातो आणि उजेड उरतो. पण प्रत्येक रंगाचा उजेड सारखा नसतो. हिरव्याचा सगळ्यात जास्त, ५९ टक्के, लालचा ३० आणि निळ्याचा फक्त ११. तिन्ही मिळून १००, म्हणजे पांढरा. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, झाला ८९. आता तुझ्या मशीनचे रंग बघ: ० काळा, १ लाल, २ हिरवा, ३ पिवळा, ४ निळा, ५ किरमिजी, ६ आकाशी, ७ पांढरा. ह्यांचा उजेड ओळीने मांड: ०, ३०, ५९, ८९, ११, ४१, ७०, १००. दिसलं का? तीनपर्यंत चढत चढत जातं आणि चारला दाणकन खाली काळोखात. तुझ्या फोटोत गालाची सावली तीनमध्ये येत असेल, ती पिवळी झाली म्हणून उजळली. कपाळ चार-पाचमध्ये, ते निळं-किरमिजी झालं म्हणून काळवंडलं. मॉनिटर बिचारा जे आलं ते बरोबर दाखवतोय.

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत खरा क्रम असा लाव: ०, ४, १, ५, २, ६, ३, ७. असे आठ शेड तुला त्या मॉनिटरवर मिळतात, रंगीत टीव्हीवर हे होणार नाही, तिथं ते रंगच दिसतील. तुझ्याकडे ब्लॅक अँड व्हाईट मॉनिटर आला हे फार बरं झालं.

अजून एक, हे सगळ्यांसाठीच सांगतो. कुणी घरातल्या जुन्या व्हॉल्वच्या किंवा ट्रान्झिस्टरच्या टीव्हीत स्वतः वायर काढून असलं मशीन जोडायला जाऊ नका. त्या सेटची चासी बऱ्याच वेळा मेन्सलाच जोडलेली असते, हात लागला की माणूस जातो. अँटेनाच्या वायरीने लावायला गेलात तर बीबीसीचा टीव्ही सिग्नल यूएचएफला येतो, ३६ नंबरच्या चॅनेलवर, आणि आपले जुने दूरदर्शनचे सेट व्हीएचएफचे, त्यात तो लागतच नाही. त्यापेक्षा सीसीटीव्हीचा मॉनिटर उत्तम. आणि पोरा, मशीनचा पॉवर सप्लाय उघडून बघितलास का? इतक्या जुन्या सप्लायमध्ये मेन्सच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर असतात, पिवळट पारदर्शक डबीचे, त्या डबीला बारीक चिरा पडतात, आपल्याकडच्या पावसाची ओल आत जाते आणि एक दिवस धूर. एक्स२ क्लासचे, म्हणजे मेन्सला लावायलाच बनवलेले, नवीन घालून घे, दोन-तीन कपॅसिटरचा प्रश्न आहे. वाढदिवसाच्या दिवशी घरात पाहुणे असताना धूर नको.

वडगावचा_पोरगा

काका, काय सांगू तुम्हाला, आत्ता रात्री साडेअकराला हे वाचून उठलो आणि आठ रंगांचे आठ उभे पट्टे काढून बघितले. चौथा पट्टा पांढुरका आणि त्याला लागून पाचवा जवळजवळ काळा. अगदी तुम्ही लिहिलंय तसंच. तीन रात्री मी बेसिकच्या ओळी वाचत बसलो होतो. कपॅसिटर उद्याच बदलतो, सप्लाय उघडला होता आणि चिरा दिसल्या होत्या पण मला वाटलं जुनं झालं की असंच असतंय.

खानापूरकर, १६१ बरोबर. कापून परत केला, आता ४०९६० आले.

चिकोडी_मास्तर

तुमचं लिखाण वाचून फार बरं वाटलं. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी क्लास नावाचा प्रकल्प काढला, कॉम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स, त्यात हेच बीबीसी मायक्रो शाळांना दिले होते. मी त्या काळात नवीन मास्तर होतो. एका मशीनभोवती आठ-दहा पोरं, मधल्या सुट्टीतही उठायची नाहीत. तुमच्या वडिलांनी ते जपून ठेवलं ह्याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांगा.

आता कामाचं. टीव्हीवाल्यांनी क्रम सांगितला तो बरोबर, आणि तो लावायला प्रोग्राममधली एकही ओळ बदलायला नको. व्हीडीयू १९ ह्या आज्ञेने पॅलेट, म्हणजे कुठल्या नंबरला कुठला रंग ते, बदला. व्हीडीयू १९,१,४,०,०,० असं दिलंत की १ नंबरचा रंग निळा होतो. तसंच २ ला १, ३ ला ५, ४ ला २, ५ ला ६, ६ ला ३. सहा ओळी. ० आणि ७ आहेत तसेच राहतात. फक्त मोड बदलला की पॅलेट मूळ जागी जातं, म्हणून मोड २ दिल्यानंतर ह्या ओळी द्यायच्या, आधी नाही.

पण एवढ्यावर थांबू नका, कारण ३२ ने भागणं इथे बरोबर नाही. ३२ ने भागलं म्हणजे आठ पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत असं आपण धरलं. त्या सारख्या नाहीत. टक्के बघा: ०, ११, ३०, ४१, ५९, ७०, ८९, १००. एक पायरी अकराची, पुढची एकोणीसची, परत अकराची. २५५ च्या मापात हे साधारण होतात ०, २९, ७६, १०५, १५०, १७९, २२६, २५५. ठिपक्याचा आकडा ह्यातल्या ज्याच्या जवळ असेल तो शेड द्यायचा, म्हणजे हद्दी येतात १४, ५२, ९०, १२७, १६४, २०२, २४०. हे गणित प्रत्येक ठिपक्याला करत बसू नका. बेसिकच्या डीमने मेमरीत जागा राखून २५६ बाईटचा एक तक्ता सुरुवातीला एकदाच भरा आणि मग प्रश्नचिन्हाने (बेसिकमध्ये ते त्या पत्त्यावरचा बाईट वाचतं) त्यातून नुसता आकडा उचला. वेळही वाचतो.

एवढं करूनही कपाळावर पट्टे दिसतील, आठ शेडमध्ये कातडीचा उतार बसत नाही. त्याला डिदरिंग लागतं, म्हणजे मोजक्या शेडचे ठिपके मिसळून मधला शेड भासवणं. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग ह्यांची १९७६ ची रीत आहे, ती घ्या. समजा ठिपका १२० चा आहे, जवळचा शेड १०५, म्हणजे १५ उरले. ते टाकून द्यायचे नाहीत, शेजाऱ्यांना वाटायचे: उजवीकडच्याला सोळातले ७ भाग, खालच्याला ५, खाली डावीकडच्याला ३, खाली उजवीकडच्याला १. वाण्याच्या वहीत उरलेली बाकी पुढच्या पानावर नेतात तसं. एकूण उजेड कुठं हरवत नाही. ह्याला सगळं चित्र मेमरीत नको, फक्त चालू ओळ आणि खालची ओळ एवढ्या दोनच बाक्या ठेवायच्या. तुमच्याकडे डिस्क सिस्टीम आहे म्हणजे मेमरीत प्रोग्राम ६४०० नंबरच्या पत्त्यापासून सुरू होतो आणि मोड २ ची स्क्रीन १२२८८ पासून, मध्ये ५८८८ बाईट. १६२ आकड्यांच्या दोन रांगा, प्रत्येकी चार बाईट, १३०० च्या आत. आरामात बसतं.

निपाणी_झेडएक्स

मधेच बोलतोय माफ करा पण काकांनी लिहिलेलं वाचून माझ्या झेडएक्स स्पेक्ट्रमचं (त्याच काळातला दुसरा घरगुती कॉम्प्युटर) एक कोडं सुटलं. स्पेक्ट्रमचे रंग ० काळा, १ निळा, २ लाल, ३ किरमिजी, ४ हिरवा, ५ आकाशी, ६ पिवळा, ७ पांढरा. हे तर काकांच्याच क्रमाने लावलेत! लहानपणी आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही होता आणि कीबोर्डवरचे आकडे चढत्या उजेडाचे दिसायचे, मला तेव्हापासून वाटायचं कुणीतरी मुद्दाम केलंय.

पण स्पेक्ट्रमवर हा फोटो असा येणार नाही. तिथं ८ बाय ८ च्या एका खणात दोनच रंग, त्यामुळे नाकाच्या आजूबाजूला चौकोन चौकोन होतात. आम्ही सरळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांतच करतो, २५६ बाय १९२, आख्खी स्क्रीन ६९१२ बाईट. ठिपके बारीक असल्यामुळे लांबून छान दिसतं. भावा तुझ्याकडे बीबीसी आहे, मोड २ च कर.

खानापूरकर

मास्तर, एक वेगळं मत मांडतो. हे सगळं लॅपटॉपवर करून तयार स्क्रीनच मशीनला दिली तर? एका बाईटमध्ये दोन ठिपके, म्हणजे फाईल २०४८० ची होते, ती स्टार लोड (*LOAD) ह्या आज्ञेने थेट १२२८८ ला टाकायची, काही सेकंदांत चित्र उभं. पाहुण्यांपुढे दाखवायचं तर मला हेच बरं वाटतं. फक्त दोन ठिपक्यांचे बिट एकमेकांत विणलेले असतात, डाव्याचे ७, ५, ३, १ आणि उजव्याचे ६, ४, २, ०. त्यामुळे ४२ टाकलं की फक्त डावा पांढरा, २१ टाकलं की फक्त उजवा, ६३ टाकलं की दोन्ही, हे करून बघितलंस की रचना डोक्यात बसते. आणि बाईट ओळीत आडवे जात नाहीत, आधी आठ खाली उतरतात मग शेजारच्या रकान्यात जातात. पत्ता काढायचा तर डावीकडून कितवा ठिपका तो एक्स आणि वरून कितवी ओळ ती वाय धर, दोन्ही ० पासून मोजून: वायला ८ ने भागून पूर्णांक घे, गुणिले ६४०, त्यात एक्सचा अर्धा गुणिले ८ मिळव, वायला ८ ने भागून उरलेली बाकी मिळव, आणि वर १२२८८. लोड करायच्या आधी स्क्रीनवर एवढं काही लिहू नको की ती वर सरकेल, एकदा सरकली की स्क्रीनची सुरुवातच बदलते आणि चित्र तुटून मधूनच चालू होतं.

वडगावचा_पोरगा

दोघांचंही पटतंय, पण मला एक वाटतं. बाबा पोरांना त्या मशीनवर गणित करायला शिकवायचे. लॅपटॉपने तयार करून दिलेलं चित्र नुसतं उघडलं तर त्यात मशीनने काय केलं? फोटो स्कॅन करायला आणि रॉ करायला लॅपटॉप घेतला तेवढा घेतला, शेड ठरवायचं काम त्याच मशीनने करावं असं मला फार वाटतंय. मास्तरांची रीत घालतो. खानापूरकर, तुझी २०४८० ची फाईल पण करून ठेवतो, त्या दिवशी गोटेकने दगा दिला किंवा लाईट गेली तर परत पाव तास थांबायला नको.

चिकोडी_मास्तर

अगदी योग्य. ते चित्र पूर्ण झालं की स्क्रीनच स्टार सेव्ह करा, १२२८८ पासून २०४८० बाईट. म्हणजे खानापूरकरांची फाईल तुमच्या मशीननेच बनवलेली होईल आणि दोघांचंही म्हणणं राहील. फक्त पत्ते हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या मोजणीत, द्यायचे, सुरुवात ३००० आणि लांबी ५०००, आणि पॅलेट फाईलमध्ये जात नाही हे लक्षात ठेवा, लोड करण्याआधी त्या सहा ओळी परत द्याव्या लागतील.

टीव्हीवाले_काका_शहापूर

आणि आकडे कागदावरचे आहेत हे विसरू नको. मशीनच्या आतल्या रेझिस्टरवर आणि मॉनिटरच्या ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टवर बरंच अवलंबून असतं. खोलीत त्या दिवशी जेवढा उजेड असेल तेवढाच ठेव, पट्टे काढ, ब्राइटनेस इतका कमी कर की काळा आणि निळा जेमतेम वेगळे दिसतील, मग कॉन्ट्रास्ट वाढव. त्यानंतरच हद्दी पक्क्या कर.

वडगावचा_पोरगा

मंडळी, झालं. काल वाढदिवस झाला म्हणून उशिरा लिहितोय.

कपॅसिटर बदलले. काकांनी सांगितलं तसे पट्टे लावून बघितले, माझ्या मॉनिटरवर निळा आणि काळा फारच जवळ होते म्हणून पहिली हद्द १४ वरून २० केली आणि दुसरी ५२ ची ५८ केली, बाकी मास्तरांच्याच ठेवल्या. तक्ता आणि डिदरिंग घालून एकूण सोळा मिनिटं लागतात. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मशीन चालू केलं आणि बाबांना समोर बसवलं, काय आहे ते सांगितलं नाही. वरून एकेक ओळ भरत येते. आधी नुसतं धबधब्याचं पाणी, पांढरं आणि त्यात करडे ठिपके. बाबा म्हणाले मोड २ आहे का रे, इतके जाड ठिपके. मग केस आले, कपाळ आलं, आणि भुवया आल्यावर ते बोलायचे थांबले. आईने ओळखलं आधी, ती म्हणाली गोकाक. पुढची नऊ-दहा मिनिटं घरात कुणी उठलं नाही, कुंद्याची बशी तशीच हातात. कपाळावर एक पण पट्टा नाही, गालाची सावली सावलीसारखी.

शेवटची ओळ भरल्यावर बाबांनी एस्केप दाबून लिस्ट काढायला लावली आणि प्रोग्राम सगळा वाचला. बाकी खाली डावीकडे नेताना मी पहिल्या रकान्यात एक ठिपका बाहेर टाकत होतो, ते त्यांनी बरोबर पकडलं. १६२ ची रांग घेतली होती पण सुरुवात ० पासून धरली होती, ती १ पासून धरायची. आज सकाळी त्यांनीच बसून दुरुस्त केलं, डाव्या कडेला जी काळी उभी रेघ येत होती ती गेली.

मास्तर, तुमचा नमस्कार पोचवला. बाबा विचारतायत तुमच्या शाळेत मशीन डिस्कची होती की कॅसेटची, आणि चिकोडीला येणं झालं तर भेटायला चालेल का.

चिकोडी_मास्तर

कॅसेटची. १२०० बॉडला, म्हणजे सेकंदाला १२०० बिटच्या वेगाने, हा एवढा फोटो यायला सहा मिनिटांच्या वर गेली असती, तीही टेप मधेच अडखळली नाही तर. बस स्टँडवर उतरून फोन करा म्हणावं, नंबर मेसेजमध्ये पाठवतो.